सतरावी रांग

आई मेथी निवडत होती. मी इस्त्री करत होते आणि करता करता मोठ्यानं पाठ म्हणत होते, कारण त्या रविवारपासून वायनरीतली एक टूर मराठीतून घ्यायची ठरली होती आणि सहा वर्षं इंग्रजीत घडाघडा चालणारी माझी जीभ मराठीत तेच सांगताना पावलोपावली ठेचकाळत होती. "त्या वर्षी आमच्या वाइनमेकरनी एक धाडसी निर्णय घेतला. सतराव्या रांगेतल्या वेलींवर त्यांनी मुद्दाम अगदी थोडे घड ठेवले. पीक निम्म्याहून कमी आलं, पण जे आलं..." "मुद्दाम नाय," आई म्हणाली. मान वर न करता. "माझ्या हातनं चुकलं व्हतं त्ये." जुडी संपली होती, म्हणून तिनं देठ वर्तमानपत्रात गुंडाळले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ओट्याकडे गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. कापड करपल्याचा वास आला तेव्हा हातातल्या इस्त्रीची आठवण झाली. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर बदामी डाग पडला होता. दुसरा शर्ट धुवायला टाकलेला, म्हणून तोच घालून निघाले.

पंचवटीतून गंगापूर रोडला लागेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आई आणि चूक? माझी आई कुसाबाई, ही भाजीवाल्यानं मापात चार मिरच्या जास्त टाकल्या तर त्या परत करणारी बाई. वीस वर्षं त्याच वायनरीच्या बागेत छाटणीला होती. आधी आमच्या गावी, सायखेड्याला, लोकांच्या बागांत, मग इथे. द्राक्षाची वेल आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटतात, हे मी पाहुण्यांना रोज सांगते. एप्रिलमध्ये खरड छाटणी. काडीवर एखादा डोळा ठेवायचा, बाकी सगळं उतरवायचं, वेल अगदी बोडकी करायची. डोळा म्हणजे जिथून नवा फुटवा येतो तो उंचवटा. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिला मात्र पाच-सहा डोळे राखायचे, कारण घड त्यातल्या वरच्या डोळ्यांत दडलेला असतो. एप्रिलची कात्री ऑक्टोबरात चालवली तर वर्षाचं पीक कात्रीबरोबर मातीत पडतं. हे सायखेड्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग आईला, जिचा हात बघायला दुसऱ्या टोळीतल्या बायका येत असत, तिला एका अख्ख्या रांगेत कळू नये? धरणाच्या बाजूचा वारा कॉलरमधून आत शिरत होता आणि मी सिग्नल नसलेल्या ठिकाणीही थांबत होते.

ते वर्ष मला आठवत नव्हतं असं नाही. मी बारा वर्षांची होते. आप्पा, माझे वडील, मार्चपासून सिव्हिल हॉस्पिटलात होते आणि सबंध एप्रिल आई त्यांच्या खाटेशी बसून होती. आठवतं ते हे की तिच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली कात्री असायची. बाकीच्या बायका बागेतली कात्री घेत, आईची स्वतःची होती, ती कुणाला हात लावू द्यायची नाही. आप्पांना झोप लागली की ती कात्री काढायची आणि हवेत चालवायची. कट, कट, कट. रिकाम्या कात्रीचा आवाज काहीतरी कापणाऱ्या कात्रीपेक्षा मोठा असतो. नर्सनं एकदा हटकलं, "बाई, बंद करा ते." आई म्हणाली, "गंज चढतो, सिस्टर." तिकडे बागेत खरड छाटणी चालू होती आणि ती पहिल्यांदाच आईशिवाय होत होती. मे महिन्यात आप्पा गेले. पुढे ऑक्टोबर आला, आणि एक दिवस आई संध्याकाळी घरी येऊन चूल न पेटवता भिंतीला टेकून बसून राहिली. बोटं नेहमीसारखी गुलाबी नव्हती. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळ्यांना रंगीत औषध लावतात, त्यानं एरवी महिनाभर बायकांची बोटं रंगलेली असायची. "आज पेस्ट नाही लावली?" मी विचारलं होतं. "आज नाय," एवढंच ती म्हणाली. सोळा वर्षांनी, स्कूटरवर, हेल्मेटच्या आत मला कळलं की तो एप्रिल तिच्या हातात तसाच राहून गेला होता. तिच्या मनानं नाही, हातानं तो ऑक्टोबरात उरकला. मी स्कूटर बाजूला घेतली आणि काही वेळ उभी राहिले. रडू आलं, ते आप्पांसाठी होतं की वेलींसाठी, हे मलाही सांगता येणार नाही.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, आणि ते मी मान ताठ ठेवूनच सांगणार. शाळेत मी "आई द्राक्षाच्या बागेत जाते" एवढंच सांगायची. वाइन हा शब्द गिळायची, कारण सायखेड्याची माणसं त्या जागेला सरळ दारूचा कारखाना म्हणत आणि आत्यानं तर आईच्या हातचा चहा दोन वर्षं घेतला नव्हता. त्याच कारखान्यात आज मी टेबलाच्या मानाच्या बाजूला उभी असते. मुंबईच्या साहेबांना ग्लास देठाशी धरायला शिकवते. "हात गरम असतो, सर, वाइन तापते," म्हणते, आणि ते मुकाट्यानं बोटं खाली सरकवतात. नाक माझं आहे, उसनं नाही. पुस्तकात ब्लॅकबेरी लिहिलेली असते, मी ती उभ्या जन्मात पाहिली नाही. मी जांभूळ म्हणते, करवंद म्हणते, पहिल्या पाण्यानं भिजलेलं गोणपाट म्हणते, आणि लोक ग्लासात नाक घालून "अरे खरंच की!" म्हणतात. आमची सगळ्यात नावाजलेली बाटली 'सतरा'. काळपट लाल, जड, जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी. तिच्या पाठीवर तो धाडसी निर्णय छापलेला आहे आणि सहा वर्षं मी तो रोज दोनदा सांगत आले आहे.

त्या रविवारी आठ जण होते. ठाण्याचं एक कुटुंब, पुण्याची दोन जोडपी. ओल्या लाकडाच्या आणि आंबूस थंडाव्याच्या वासातून आम्ही पिंपांच्या खोलीतून बाहेर आलो, टेबलाभोवती बसलो, मी 'सतरा' ओतली. आणि "त्या वर्षी आमच्या वाइनमेकरनी" म्हणायला तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर आलं. "खरं सांगू का? निर्णय वगैरे काही नव्हता. छाटणीला आलेल्या एका बाईच्या हातून ती रांग चुकीची कापली गेली. तिचा नवरा नुकताच गेला होता, तिचं लक्ष नव्हतं. ही वाइन त्या चुकीतून झाली. आणि ती बाई माझी आई आहे." मराठीत मी त्या दिवशी एकदाही अडखळले नाही. टाळ्या पडल्या. ठाण्याच्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. एका काकांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला आणि दोन बाटल्या जास्त घेतल्या. माझे कान गरम झाले होते. इतक्या वर्षांचं काहीतरी एका दमात फेडल्यासारखं वाटत होतं.

पाहुणे गेले तेव्हा महेश सर दारात उभे होते. तेच वाइनमेकर, तेच धाडसी निर्णयवाले. तेव्हा कॉलेजातून नुकते आलेले पोरगेले होते, आता कानाजवळ पांढरे झालेत. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "बाईंना विचारलं होतंस?"

"खोटं काही सांगितलं नाही, सर."

"खोटं मी छापलं, ते मला माहीत आहे की. सुपरवायझर तर रांगच उपटा म्हणत होता. मी फक्त त्या घडांचा रस वेगळ्या पिंपात ठेवला, माझं धाडस ते एवढंच. पहिली बाटली निघाली तेव्हा बाईंचं नाव घालणार होतो. त्या म्हणाल्या, चुकीवर माझं नाव नको. मग काहीतरी लिहायला तर पाहिजे." त्यांनी टेबलावरचा एक उष्टा ग्लास उचलून वास घेतला आणि परत ठेवला. "बोलून घे जे बोलायचं ते. यंदा जमलं नाही तर 'सतरा' बंद. बाई घरी बसल्यापासून दोन वर्षं ती रांग जमत नाहीये. मापं सगळी लिहिलेली आहेत माझ्याकडे, तरी नाही."

माझ्या अंगात टाळ्या इतक्या भिनल्या होत्या की त्या बोलण्यातलं मी निम्मंच ऐकलं. घरी जाताना पेढे घेतले. पेढे! आई भाकरी थापत होती. मी पाटावर बसले, भाजीला हात लावण्याआधीच सगळं सांगून मोकळी झाले. रुमाल, फोटो, टाळ्या. आईनं शेवटची भाकरी तव्यावरून काढली, गॅस बंद केला. "किती जणं व्हते?"

"आठ."

"आन टाळ्या वाजिवल्या."

"मग! खूप वाजवल्या."

"माझ्या चुकीवर." ती माझ्यासमोर बसली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "वीस वर्सं कात्री धरली म्या. किती काप घेतले आसतील, मोजायचे तर लाख बी कमी पडतील. त्यातला येक दिस चुकला, तू लोकांला त्योच काढून दाखिवला. घरात बोलले मी, तुझ्यापाशी. तू वेशीला टांगलंस."

"अगं, मी कौतुक केलं तुझं!"

"कौतुक नाय त्ये. कीव हाय. नवरा मेला, लक्ष नव्हतं, बिचारी. त्या बाईनं डोळं पुसले ना? कौतुकाला कुनी डोळं पुसत नाय, निके." पेढ्यांचा पुडा तिनं उघडलाही नाही. मेथीची भाजी त्या दिवशी मला कडू लागली, आणि मेथी कडूच असते हे माहीत असूनही मी आईला दोष देत जेवले.

मला राग आला होता. दोन दिवस मी तो जपून वापरला. कामापुरतं बोलायचं, डबा न सांगता उचलायचा. पण बुधवारी टेस्टिंगचे ग्लास पुसताना एका ग्लासात माझंच तोंड वाकडं होऊन दिसलं आणि राग गळून पडला. टाळ्या कुणासाठी होत्या? आईला तिथे बसलेल्या कुणी पाहिलंही नव्हतं. समोर मी होते. गरीब बाईच्या हातून चुकून सोनं झालं आणि तिची मुलगी आज आपल्याला ग्लास धरायला शिकवते, ही गोष्ट त्यांना गोड लागली आणि मी ती त्यांच्या जिभेला बरी लागेल अशी ओतली होती. धंदाच तो माझा. त्या गोष्टीत आईच्या वाट्याला काय आलं? एक मेलेला नवरा आणि एक चूक. मला आईचा हात आठवला. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं पाडलेला घट्टा, नाण्याएवढा, पिवळसर. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत झोपायची. बागेतून जाताना ती वेलींकडे न बघता सांगायची, "ही आक्काबाईची छाट. ही नवसाबाईची. ती रोजंदारीवरच्या कुणाची तरी, बघ कशी कुरतडली हाय." कापावरून माणूस ओळखायची. फेब्रुवारीत घड उतरवायच्या आधी महेश सर यंत्रानं साखर मोजायचे आणि मग हळूच आईकडे बघायचे. आई एक मणी तोंडात टाकून बी चावायची. "आजून चार दिस. बी हिरवं लागतंय." वाइनचा थेंब तिनं कधी जिभेवर घेतला नाही, पण चार दिवस म्हणजे चारच. हे सगळं मला पाठ होतं आणि आठ माणसांपुढे यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नव्हतं. लाज वाटली. आईची नव्हे, आयुष्यात पहिल्यांदा माझीच.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, "सतरा बंद करणार आहेत."

"का?"

"जमत नाहीये म्हणे. सरांकडे मापं लिहिलेली आहेत, तरी."

आई तांदूळ निवडत होती. बोट थांबलं. "छाटणी कदी हाय त्या रांगंची?"

"रविवारी."

"मला ने."

रविवारी ती माझ्यामागे स्कूटरवर बसली, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कात्री. वीस वर्षं ती ट्रॅक्टरमधून मागच्या फाटकानं आत गेली होती. मी स्कूटर पुढच्या दारी नेली. वॉचमन फकिरा जुना माणूस, उठून उभा राहिला. "कुसाबाई! आन हिकडून?" "पोरगी हाय ना आत," आई म्हणाली आणि पदर सारखा करून अशी चालत गेली की मला मागून भराभर पाय उचलावे लागले. गुलाबाच्या वाफ्याकडे, नव्या रेस्टॉरंटकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सतराव्या रांगेच्या तोंडाशी नवसाबाई टोळी घेऊन उभीच होती. आता मुकादम तीच. दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि आई पहिल्या वेलीशी वाकली. बोटांनी काड्या चाचपत एक वेल, दुसरी, पाचवी. महेश सर वही घेऊन धावत आले. माझी अकराची टूरही तेवढ्यात येऊन ठेपली, सात माणसं टोप्या घालून. त्यांना आधी टाक्या दाखवायच्या होत्या, पण मी त्यांना तिथेच थांबवलं.

"सायेब, सगळ्यांना येकच माप लावलंय तुमी," आई सरांना म्हणाली. "काडीला येक डोळा, काडीला येक डोळा. वहीत आसंच लिवलंय ना? ही बघा, करंगळीवानी बारीक. हिला येकच. ही अंगठ्यायेवढी, हिला दोन ठिवले पायजेत, न्हायतर रागानं नुसता पालाच फेकती. म्या काडी बघून ठिवायची. तुमी मोजत बसले, काडी कुनी बघितलीच नाय."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत, बाई?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी लिवत व्हते."

सर हसले, आणि वहीत लिहायला लागणार तेवढ्यात वही मिटून त्यांनी खिशात घातली. टोपीवाल्यांपैकी एक गृहस्थ पुढे आले. चेहरा उजळलेला. "म्हणजे त्या तुम्हीच! माझे मेहुणे गेल्या रविवारी येऊन गेले, त्यांनी सांगितलं. ही वाइन तुमच्या चुकीतून झाली ना?" मी काहीतरी बोलून ते झाकायला पुढे झाले. आईनं नुसता हात वर केला, कात्रीचाच हात.

"व्हय," ती म्हणाली. "येकदा चुकले. मालक गेलं व्हतं, हात एप्रिलात ऱ्हायला व्हता. पर चूक येका वर्साची आसती, दादा. तिची बाटली बी येकाच वर्साची निघंल." तिनं एक जाड काडी डाव्या हातात धरली, दुसऱ्या डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडली आणि कात्री मिटली. कट. भरलेल्या कात्रीचा लहान आवाज. काप तिरका, स्वच्छ, पाणी डोळ्यावर न उतरता पलीकडे ओघळेल असा. "त्याच्याफुडं तेरा वर्सं तीच चूक दर ऑक्टोबरात म्या बरूबर केली. तुमी पिता ती ती हाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. नवसाबाईची टोळी वेलींवर वाकली आणि आई एकेकीच्या मागून जात "हिला दोन, हिला येक" म्हणू लागली. कापलेल्या काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमला होता. मी बोटावर घेऊन हुंगला. जांभूळ नाही, करवंद नाही, कसलाच वास नव्हता त्याला, तरी मी तो पुन्हा हुंगला. अभिमान वाटला. एवढा, की तो कुणाला दाखवावा असंसुद्धा वाटलं नाही. ते सात जण माझ्याकडे बघत होते, कारण टूर माझी होती आणि आता मी काहीतरी बोलायचं होतं. चार वेलींपलीकडून आईनं मान वर केली.

"आता सांग त्यांना," ती म्हणाली.

"ही रांग," मी म्हणाले, "माझ्या आईनं छाटलेली आहे." मग नवसाबाईचं नाव सांगितलं, आक्काबाईचं सांगितलं, एक डोळा कुठं आणि दोन कुठं ते सांगितलं. आई ऐकायला थांबली नव्हती. ती पुढच्या वेलीशी पोचली होती.